महालिंगप्पाचे हात

पहिला दणका खांद्यावर बसला, दुसरा बरोबर उजव्या मनगटावर. महालिंगप्पा लोकरीच्या पोत्यासकट बांधावरून खाली कोसळला आणि भर दुपारी गुरासारखा ओरडला.

तोंडाला उपरणं गुंडाळलेल्या शिवशरणनं इकडंतिकडं बघितलं. रानात चिटपाखरू नव्हतं. त्यानं महालिंगप्पाच्या कोपरावर बूट रोवला, डावा हात ओढून दगडावर धरला आणि टेम्पोची लोखंडी टॉमी पुन्हा उचलली.

"कोन हाईस रं? पोतं घे, पर सोड मला!"

शिवशरण एक शब्द बोलला नाही. गावातलाच आवाज, लगेच ओळखला असता. कडकन हाड मोडलं, तरी तो थांबला नाही. दोन्ही पंजे पार चेचल्यावरच त्यानं टॉमी खाली घेतली. काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती.

शिवशरण तसा वाईट माणूस नाही, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. महालिंगप्पाचा जीव त्याला नकोच होता. फक्त हात हवे होते.

सगळं बिनसलं ते त्या पुण्याच्या करिश्मामुळं. ही पोरगी हातमागाच्या घोंगडीची जाकिटं शिवते, आणि कॉलरच्या आत विणणाऱ्याचं नाव लावते. गावात, अणदूरला, आली ती आधी शिवशरणच्याच कापड-घोंगड्यांच्या दुकानात. त्यानं छातीवर हात मारून सांगितलं, "ताई, सगळा माल आपल्या गावच्या मागावरचा." पोरीनं काय करावं? गठ्ठ्यातला एक धागा उपसला आणि काडी ओढली. लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन राख झाली असती. इथं धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली.

"काका, हे तर प्लास्टिक आहे," ती म्हणाली. आणि तेही बाजाराच्या दिवशी, वीसेक माणसांसमोर!

तिथून ती तडक महालिंगप्पाच्या घरी गेली. दसऱ्याच्या आत वीस घोंगड्या द्यायचं ठरलं. इकडं शिवशरणच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हसत हसत काडेपेटी मागायला लागलं. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो माल एकदा पुण्याला पोचला, की आपलं दुकान उठलंच म्हणून समजा, हे त्याला कळून चुकलं होतं. आणि तो पोचलाच नाही, तर पोरगी नाक मुठीत धरून आपल्याकडंच येणार होती.

पंचक्रोशीत विणकर उरला होता तो एकटा महालिंगप्पा. गल्लीत उभ्या धाग्यांचा ताणा बांधून त्याला चिंचोक्याची खळ लावताना सगळं गाव महालिंगप्पाला रोज बघायचं. माग घरात, कमरेएवढ्या खड्ड्यावर. पोटी मुलगा नाही. बायकांनी सूत कातायचं, पण मागाच्या खड्ड्यात पाय ठेवायचा नाही, हा त्या घराचा पिढीजात दंडक. म्हणजे हात गेले, की माग बंद.

वाट सांगितली होती ती महालिंगप्पाच्याच बायकोनं. आठवड्यापूर्वी गिरिजाबाई दुकानात रीळ घ्यायला आली होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, एका हातात बांगडी नाही.

"मालक बरे हायत का?" शिवशरणनं सहज विचारलं होतं.

"बरे हायत की. सोमवारी तामलवाडीला जातेत, धनगरांकडं लोकर आणाया. बाराला फाट्यावर उतरतेत अन् बांधानं येतेत. एकलेच."

एवढं त्यानं विचारलंही नव्हतं. लईच भोळी बाई, असं त्याला वाटलं.

पुढं सगळं मनासारखं झालं. महालिंगप्पाला सोलापूरच्या दवाखान्यात हलवलं. पोलिसांना त्याला काही सांगता येईना. शिवशरण तर शहाळी घेऊन भेटायलाही गेला. "वैऱ्यावर सुदिक अशी पाळी येऊ न्हाय," असं म्हणाला. गिरिजाबाई डॉक्टरांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "हात परत चालत्याल का वो?" आता पहिल्यासारखे चालायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. शिवशरणला तिची दया आली, अगदी खरी दया.

दसरा पंधरा दिवसांवर आल्यावर त्यानं करिश्माला फोन लावला.

"ताई, लई वाईट झालं बगा. पर तुमचं काम अडायला नको. आवंदा अस्सल लोकरीचा माल देतो."

"काळजी करू नका काका," ती म्हणाली, "आठ घोंगड्या कालच पोचल्या. आणि वीण तर आधीच्या नमुन्यासारखीच घट्ट आहे!"

कुणी विणल्या? शिवशरण तसाच उठून महालिंगप्पाच्या घरी गेला.

ओसरीवर महालिंगप्पा भिंतीला टेकून बसला होता, कोपरापर्यंत प्लास्टर, नजर जमिनीवर. आतून मागाचा आवाज येत होता. शिवशरणनं दार ढकललं.

खड्ड्यात गिरिजाबाई बसली होती. आडव्या धाग्याचा धोटा या हातातून त्या हातात सपासप पळत होता.

"गिरिजाबाई? तुमी विणताय?"

"पंदरा वर्सं झाली. बाई खड्ड्यात उतरली म्हनून गाव नाव ठेवंल, म्हनून भाईर खळ लावायला तेवढे ते."

"अरे देवा! म्हंजे मी उगंच..." शिवशरणनं जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

गिरिजाबाईचा हात थांबला नाही. "ठावं हाय मला, तुमीच होता. काडेपेटीचा राग तुमच्या डोळ्यांत दिसत हुता, म्हनून तर सोमवार सांगितला, बांध सांगितला."

"पर... नवरा हाय तुमचा! का?"

"त्या हातांनी त्यांनी एक धागा विणला न्हाय, अण्णा. पंदरा वर्सं निस्तं मला मारलं."