विल्फचं शेवटचं वाक्य

नाटकातलं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, ते पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांसमोरच म्हणायचं, अशी इंग्लंडातल्या आम्हा नाटकवाल्यांची जुनी रीत. चाळीस वर्षं बटलर, पाद्री आणि पोलीस शिपाई रंगवल्यावर माझ्या नवऱ्याला, विल्फला, हडर्सफील्डच्या एका नाटकात प्रथमच ते वाक्य मिळालं. भूमिका बटलरचीच होती, हॉब्स नावाच्या. हल्ली तो फार विसरायचा. म्हणून मी विंगेत प्रॉम्प्टिंगला बसले होते.

पहिल्या प्रयोगाला नाटकातल्या मालकीणबाईंनी विचारलं, "सगळे गेले. आता काय, हॉब्स?"

विल्फ ट्रे घेऊन उभा. गप्पच. मी पाचपर्यंत मोजलं आणि मला राहवेना.

"आता चहा, बाईसाहेब!"

माझा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत पोचला. विल्फने सावकाश विंगेकडे पाहिलं, मान लववली आणि म्हणाला, "स्वयंपाकीणबाई म्हणतात ते बरोबर आहे, बाईसाहेब. या घरात माझं कोण ऐकतं?"

हशा आणि टाळ्यांतच पडदा पडला. मी मात्र रडायला लागले. "इतक्या वर्षांनी मिळालेलं वाक्य मी खाल्लं रे तुझं! विसरला होतास ना?"

"छे गं, जरा चव घेत होतो."

"उद्या तोंडातून शब्द काढणार नाही."

"खबरदार, एडी! तू ते म्हटलंस म्हणून तर मला त्याच्या पुढचं मिळालं."

नाटक चार महिने चाललं. रोज मी विंगेतून ओरडायचे आणि रोज तो मला नवं उत्तर द्यायचा.