वर घेतलेलं मशीन

कितीही ओढली तरी होडीच्या मशीनची दोरी जागची हलेना, तेव्हा हिराजीने ती सोडून दिली.

"बाबा, तू मशीन वर घेतलं होतंस?" लेकीने विचारलं.

घेतलं होतं. जन्मभर कोळीवाड्यात तो हेच करत आला होता. होडी थांबली की मशीन पाण्याबाहेर, नाहीतर खारं पाणी लोखंड खातं. पण हे कॅनडातलं तळं. थंडीच्या धास्तीने बाकीच्यांनी होड्या कधीच घरी नेल्या होत्या. बायको गेल्यावर लेकीने त्याला इकडे आणलं, तेव्हापासून तो नुसता खिडकीशी बसायचा, म्हणून तिने मोसमातली ही शेवटची फेरी काढली होती. काठ लांब, हाकेला कुणी नाही, आणि ऊन उतरत चाललेलं.

तिने मशीन पुन्हा पाण्यात सोडलं. "आतलं पाणी गोठलंय. थांबू जरा. हवेपेक्षा तळ्यातच ऊब असते, बाबा. पाण्यातून काढलं की गोठतं."

हिराजीने पाण्यात हात घालून पाहिला. बऱ्याच वेळाने दोरी सुटली, मशीन धडधडलं, बाजूने पाण्याची बारीक धार उडाली. लेक हसली. तो हसला नाही.

"मग मला कशाला काढलंस पाण्यातून, बाय?"