उसातलं गाणं

गोरखचा ई-मेल बघून समृद्धी चपापली. साधा मेसेज टाकायचा आळस करणारा नवरा नारायणगावच्या बाजारातून मेल कशाला पाठवेल? आत एक लिंक होती आणि एवढंच लिहिलेलं, "समू, एकदा बघ तरी."

तिनं फोन लावला.

"मी नाय पाठवला. दाबू नको त्यावर," गोरख म्हणाला. मागं टोमॅटोच्या लिलावाचा गलका चालला होता.

तिनं मेल डिलीट केला.

तेवढ्यात उसाच्या वाटेनं गाणं ऐकू आलं. बिबट्याच्या भीतीनं गोरख येता-जाता मोबाइलवर मोठ्यानं लावायचा, तेच.

"अवो, तुमी बाजारातच हायेत ना?"

"मग कुठं असणार?"

गाणं दाराशी येऊन थांबलं. कडी हलली.

"समू," बाहेरून गोरखचाच आवाज आला, "एकदा बघ तरी."