ळ

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. "आज सकाली वादलाचा जोर ओसरला."

बाबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, पण कानांनी चूक पकडायचं काही सोडलं नव्हतं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे तिची हजेरी घेतली असती. आज कप खाली ठेवला आणि विचारलं, "बरं नाही का?"

"घसा धरलाय."

"घशाचा आणि 'ळ'चा काय संबंध," ते पुटपुटले, पण तिला उद्देशून नव्हे.

तिने वर्तमानपत्राआड तोंड लपवलं. आंधळ्या माणसापासून. मग स्वतःच्याच मूर्खपणाचं तिला हसू आलं आणि जीभ ठणकली.

काल संध्याकाळी तिने जीभ टोचून घेतली होती. जिभेच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पोलादी मणी. भोवती सूज चढली होती, जीभ मागे वळत नव्हती, आणि 'ळ' काही केल्या निघत नव्हता. कामावर तिने आजारपणाची रजा टाकली होती. तिथे दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि चूक कुणाचीही असो, माफी हिने मागायची. बाबांपासून मात्र रजा कुठून आणणार? रोज सकाळी दोन तास वाचून दाखवायचं, हे ठरलेलं. आई गेल्याला सहा वर्षं झाली होती. आई आजारी पडली तेव्हा ती वसतिगृहात होती. आजार पार हाताबाहेर गेल्यावर तिला कळवलं. त्या दिवसांबद्दल बाबा कधी बोलले नाहीत, तिने विचारलं नाही. दोघांमध्ये बोलणं असं जे उरलं होतं, ते या दोन तासांतच.

घरातल्या आत्याला मात्र कालच कळलं होतं. हिने जांभई दिली आणि आत्याच्या हातातली वाटी खाली पडली.

"खिळा ठोकून घेतलास तोंडात?"

"तुझं नाक टोचलेलं चालतं ना?"

"नाक चारचौघांत दिसतं. जीभ काय दाखवत फिरणार आहेस?"

"दाखवायची नाहीच आहे, आत्या. माझ्यासाठी आहे."

"स्वतःसाठी कुणी भोकं पाडून घेतं का? रविवारपर्यंत सांग तुझ्या बाबाला. नाहीतर मी सांगते."

सांगायचं कसं? शेजारच्या मुलाने दंडावर गोंदवून घेतलं तेव्हा बाबांनी त्याला जिन्यातच गाठलं होतं. "देह म्हणजे काय नोटीस बोर्ड वाटला?" त्याला दोन वर्षं झाली. बाबा अजून त्याच्याशी बोलत नव्हते. तसा अबोला आपल्याशी धरला तर? या विचाराने तिला घरात कुठे धड बसवेना.

दुसऱ्या दिवशी तिने शक्कल लढवली. 'ळ' दिसला की शब्दच बदलायचा. सकाळची पहाट झाली, वादळाचं तुफान झालं, शाळेचं विद्यालय झालं. तिसऱ्या पानावर काळा बाजार आला. तिने घाईघाईत 'अंधारा बाजार' वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

बाबा नुसतं "पुढचं वाच" म्हणाले. हा माणूस वाण्याच्या पाटीवरचा ऱ्हस्वदीर्घ सोडत नसे, आणि अंधारा बाजार सोडून दिला.

त्यानंतर बाबांचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. भिंतीला हात लावत ते खोलीतून खिडकीशी आणि खिडकीपासून खोलीत फेऱ्या घालायचे. मध्येच तिला हाक मारायचे, ती आली की "काही नाही" म्हणायचे. एकदा विचारलं, "पाणी पिताना ठसका लागतो का गं?" ती नाही म्हणाली. दोनदा ते हळू आवाजात फोनवर बोलताना दिसले. तिची चाहूल लागताच गप्प झाले. आत्याने सांगितलं, तिने मनाशी ठरवून टाकलं. रविवारपर्यंतसुद्धा धीर नाही धरला बाईने.

शनिवारी त्यांनी फोन ठेवला आणि तिला समोर बसवलं.

"उद्या दहा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. मेंदूच्या. रविवार असून बघतो म्हणालेत."

"कुणाला?"

"तुला."

ती ताडकन उठली. चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "जीभ टोचली म्हणून माझं डोकं तपासायला नेताय? माझी जीभ आहे, बाबा. दिवसभर दुसऱ्यांसाठी चालते. एवढा एक मणी तिच्यावर माझा आहे. पटत नसेल तर बोलू नका माझ्याशी."

दारातून आत्या जोरजोरात मान हलवत होती. मी नाही सांगितलं, मी नाही. तेव्हा कुठे तिला उमगलं की बाबांना हे आत्ताच कळतंय.

"टोचली?" बाबांनी विचारलं. "म्हणून 'ळ' येत नाही?"

"सूज आहे. उतरेल आठवड्याभरात."

"दुसरं काही नाही?"

"दुसरं काय असणार?"

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते तिला कळेना.

"मला मुळीच पटलेलं नाही," ते हातांआडून म्हणाले. "अजिबात नाही." मग हात चाचपडत तिच्या मनगटापर्यंत आला आणि घट्ट बसला.

"तुझ्या आईचाही आधी 'ळ'च गेला होता. आणि मी दोन महिने तिचे उच्चार सुधारत बसलो."