थावराची शपथ

डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोट दाबलं अन् थावरा कळवळला.

"खांद्यातबी कळ जाती, साहेब."

"दारू किती घेता?"

"थेंबबी न्हाई."

उशाशी उभ्या पेमानं तोंड फिरवलं. तीन आठवडे ती नवऱ्याशी धड बोलली नव्हती. उजवीकडं दुखतं, ताप येतो म्हणजे लिव्हर, अन् लिव्हर म्हणजे दारू, असं अख्खा तांडा म्हणत होता. शेवटी तांड्याच्या नायकानं थावराला सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली शपथ घ्यायला लावली. खरी असली तर ताप उतरंल, खोटी असली तर चढंल. ताप चढला. रोज दुपारी हुडहुडी, मग घामानं गोधडी ओलीचिंब. झालं! माणूस खोटा ठरला. देवानंच सांगितल्यावर बिचाऱ्या पेमानं तरी काय करावं?

हिंगोलीला जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून सोनोग्राफी तरी तिथल्याच सरकारी दवाखान्यात झाली. मग डॉक्टरांनी बरगड्यांमधून लांब सुई घातली. नळीत तपकिरी, दाट पू यायला लागला. एवढी घाण अंगात घेऊन हा माणूस रोज बैल सोडत होता, अन् आपण त्याच्यापुढं भाकर ढकलत होतो! पेमानं पुढं होऊन पदरानं त्याचा घाम पुसला.

"यकृतात गळू झालंय," डॉक्टर म्हणाले. "चार दिवस उशीर केला असता तर पोटात फुटलं असतं, मग काही खरं नव्हतं. मागं आव पडली होती?"

"व्हय, पाडव्याच्या टायमाला."

"तेच जंतू आतड्यातून वर गेले. दारू न पिणाऱ्यालाही होतं हे, घाण पाण्यानं."

पेमाला रडू फुटलं. "म्हंजी शपथ खरी व्हती ना, साहेब? खरी व्हती म्हना की!"

"शपथेचं मला माहीत नाही, बाई. पाणी कुठलं पिता?"

"हातपंप बंद हाय," थावरा म्हणाला. "नाल्यात झिरा खांदलाय, त्याचंच. ढोरंबी तिथंच पितात."

"अहो, हेच तर आजाराचं मूळ! उकळल्याशिवाय घोटभरही प्यायचं नाही. पाणी कोण आणतं घरी? त्यालाच नीट समजावून सांगतो."

पेमा खाटेच्या मागं सरकली.

"मीच आनतो, साहेब," थावरा म्हणाला.

उभ्या जन्मात त्यानं घागरीला हात लावला नव्हता.