चुकलेल्या बेरजेचा तक्ता

तेरा मार्च, सकाळचे साडेनऊ, उमेदवार तीन. पोर्तुगीज बँकेचे अहवाल जपानीत करणारी माझी पत्नी बदली अनुवादक मिळाल्याशिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस तयार नव्हती. दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी आज दुपारी. "अगं, डोळा मोठा की बँक?" "अहो, वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. कुणाच्याही हवाली कसं करू?" चाचणीच्या तक्त्यात तिने एक बेरीज मुद्दाम चुकवली होती. पहिल्याने ती तशीच उतरवली. दुसऱ्याने न सांगता परस्पर दुरुस्त केली. पत्नीने रुग्णालयासाठी भरलेली पिशवी पलंगाखाली सरकवली. तेवढ्यात तिसऱ्या उमेदवार मुलीचा फोन आला. "मॅडम, तक्त्याची बेरीज जुळत नाही. तशीच ठेवू, की बँकेला विचाराल?" "जुळणारच नाही, बाळ. सोमवारपासून अहवाल तुझे." फोन ठेवून ती हसतच खेकसली, "बघत काय बसलात? गाडी काढा." महिन्यानंतरची नजर: सहा बाय सहा.