कापलेली पट्टी

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी औरंगपुऱ्यातल्या सिनेमाच्या तंबूत सर्कशीतल्या प्रेमाचा एक जुना मूकपट लागला.

त्यातली नायिका अनसूया म्हणजे तंबूतलं सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या सदाशिवची बायको. चित्रीकरणातच झोक्यावरून पडून ती गेली होती. पडतानाची तेवढी पट्टी सदाशिवनं कापून डबीत जपली होती. त्यामुळं पडद्यावर ती झोक्यावरून थेट नायकाच्या मिठीत यायची.

आज दुपारच्या खेळाला तिनं झोका सोडला आणि ती पडू लागली.

सदाशिवनं मशीन बंद केलं. डबी उघडून पट्टी कनातीच्या फटीतल्या उन्हात धरली. प्रत्येक चौकटीत नुसता रिकामा झोका होता.

तिकिटं फाडणारा कारभारी आत डोकावला.

"मशीन तर बंद हाय, सदाशिवराव," तो हळूच म्हणाला. "मग बाई अजून कशा पडायल्यात?"